ऑनलाइन करन्सी कन्व्हर्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वेगवेगळ्या देशांतल्या क्लायंट्ससाठी भाषांतराची कामं करते, कुणाचं बिल डॉलरमध्ये, कुणाचं युरोमध्ये, एकाचं येनमध्ये, त्यामुळे कन्व्हर्टरचा टॅब दिवसभर उघडाच असतो. ओळखीतले लोक तेच तेच प्रश्न विचारत असतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाची नीट लिहून काढली.

कन्व्हर्टरवर जो रेट दिसतो तो मला बँकेत का मिळत नाही?

कारण तो रेट तुमच्यासाठी नसतोच. बँका आपापसात चलन घेतात-विकतात तेव्हा प्रत्येक क्षणी दोन भाव चालू असतात, एक घेणाऱ्याचा आणि एक विकणाऱ्याचा. समजा एका युरोला घेणारा १.०९९८ डॉलर द्यायला तयार आहे आणि विकणारा १.१००२ मागतोय, तर कन्व्हर्टर या दोघांच्या बरोब्बर मधला आकडा दाखवतो, १.१०००. यालाच मिड-मार्केट रेट म्हणतात. त्या भावात प्रत्यक्ष सौदा सहसा होत नाही, अगदी बँकांचाही नाही, पण कुणाची बाजू न घेणारा आकडा तोच आहे.

तुम्ही काउंटरवर, अ‍ॅपवर किंवा कार्डाने व्यवहार करता तेव्हा समोरचा या मधल्या रेटपासून थोडं बाजूला सरकून तुम्हाला भाव देतो. तुम्ही चलन विकत घेताना जास्त लावतो, तुमच्याकडून परत घेताना कमी देतो, आणि मधला फरक ही त्याची कमाई. यात गैर काही नाही, नोटा आणणं, सांभाळणं, पैसे पोचवणं याला खर्च येतोच. गैर हे आहे की हा फरक किती ते बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. आणि म्हणूनच माझ्या मते कन्व्हर्टर ही मोजपट्टी आहे, कापड नाही. त्यावरचा आकडा हातात येईल अशी अपेक्षा ठेवू नका, तो आकडा घेऊन समोरचा किती कापतोय ते मोजा.

मग किती कापलं ते कसं मोजायचं?

अगदी सोपं आहे, फक्त एक शिस्त पाळायची: दोन्ही आकडे एकाच मिनिटाला बघायचे.

समजा १००० युरो पाठवायचेत आणि कन्व्हर्टरवर रेट १.१० आहे, म्हणजे कुणीच काही कापलं नाही तर पलीकडे ११०० डॉलर. आता ज्या सर्व्हिसने पाठवणार तिथे तेच १००० टाका, आणि ती शेवटी 'मिळणारी रक्कम' म्हणून जे दाखवते तेवढंच बघा. फी, कमिशन, सर्व्हिस चार्ज हे शब्द सोडून द्या. तिथे १०६७ दिसले तर ३३ डॉलर गेले, ३३ भागिले ११००, म्हणजे ३ टक्के. झालं.

मी हे इतकं ठासून सांगतेय कारण एका सर्व्हिसवर मी स्वतः बरेच महिने 'शून्य फी' वाचून पैसे मागवत होते. एकदा सहज दोन टॅब शेजारी शेजारी लावले, डावीकडे कन्व्हर्टर, उजवीकडे त्यांचा फॉर्म, आणि दोन्हीकडे तोच आकडा टाकला. फी खरंच शून्य होती, पण रेटच असा लावला होता की दर बिलामागे जवळपास साडेतीन टक्के जात होते. दुसरीकडे स्पष्ट फी लिहून मधल्या रेटने पाठवणारी सर्व्हिस मला स्वस्त पडली. तेव्हापासून मी फीची ओळ वाचतच नाही, थेट पलीकडे पोचणारी रक्कम बघते.

अजून एक, बँकेतून बँकेत परदेशी ट्रान्सफर करताना मध्ये एखादी तिसरी बँक असू शकते आणि तीही आपला चार्ज कापू शकते. त्यामुळे पाठवायच्या आधी विचारून ठेवा की सगळे चार्ज धरून समोरच्याला नेमकं किती मिळणार.

शनिवार-रविवारी रेट हलतच नाही. साइट बिघडली का?

नाही, बाजारच बंद असतो. चलनाचा बाजार न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात सोमवारची सकाळ उजाडली की सुरू होतो आणि न्यूयॉर्कमध्ये शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजता थांबतो, मधले पाच दिवस रात्रंदिवस चालू. उलाढाल केवढी, तर २०२२ च्या एप्रिलमध्ये केलेल्या मोजणीत दिवसाला सरासरी ७.५ ट्रिलियन डॉलर होती आणि त्यातल्या ८८ टक्के सौद्यांमध्ये एका बाजूला अमेरिकन डॉलर होता. शनिवार-रविवार दिसतो तो शुक्रवारचा शेवटचा भाव. सोमवारी बाजार कुठे उघडेल हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून काही अ‍ॅप्स सुट्टीच्या दिवशी जास्त मार्जिन, म्हणजे मधल्या रेटपासूनचा फरक, लावतात. घाई नसेल तर कामाच्या दिवशी बदला.

दोन कन्व्हर्टर दोन वेगळे आकडे दाखवतात, खरा कोणता?

बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात, वेळ वेगळी असते. काही कन्व्हर्टर दर मिनिटाला रेट बदलतात, काही तासाला, काही दिवसातून एकदाच. बरेचसे फुकटचे कन्व्हर्टर युरोपियन सेंट्रल बँकेचे संदर्भ दर वापरतात, आणि ते कामाच्या दिवशी एकदाच येतात, मध्य युरोपच्या वेळेनुसार साधारण दुपारी ४ वाजता. सकाळी तुम्ही असा कन्व्हर्टर उघडला तर समोर कालचा आकडा आहे. त्या बँकेने स्वतःच म्हटलंय की हे दर फक्त माहितीसाठी आहेत, व्यवहारासाठी नाहीत.

म्हणून आकड्याच्या खाली बारीक अक्षरात जी तारीख-वेळ लिहिलेली असते ती आधी वाचा. वेळच लिहिलेली नसेल तर मी तो कन्व्हर्टर वापरत नाही. आणि पैसे पाठवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरचा कन्व्हर्टर असेल तर तो मधला रेट दाखवतोय की त्यांचा विक्रीचा, हे बघून घ्या, कारण त्यांचाच रेट त्यांच्याच रेटशी ताडून काही कळणार नाही.

कन्व्हर्टर साफ चुकू शकतो का?

हो. १ जानेवारी २०२४ ला एका फार मोठ्या सर्च इंजिनवर पोलंडच्या झ्लॉटीचा रेट एकदम कोसळलेला दिसायला लागला, एक युरो पाच झ्लॉटीच्या वर, जेव्हा खरा भाव ४.३५ च्या आसपास होता. नव्या वर्षाची सुट्टी, बाजार बंद, पण लोकांच्या छातीत धडकी भरली आणि शेवटी पोलंडच्या अर्थमंत्र्यांना स्वतः पोस्ट टाकून सांगावं लागलं की ही डेटाची चूक आहे. त्या दिवशी ज्यांनी दुसरा एखादा कन्व्हर्टर किंवा पोलंडच्या मध्यवर्ती बँकेची साइट उघडून बघितली त्यांना दोन मिनिटांत उलगडा झाला असेल. आकडा नेहमीपेक्षा फार वेगळा दिसला की आधी दुसरीकडे बघा, आणि मगच पुढे जा.

दुसरी गोष्ट यापेक्षा गंभीर आहे. काही देशांत सरकारी दर एक असतो आणि बाहेरचा प्रत्यक्ष दर भलताच. लेबनॉनमध्ये १९९७ पासून एका डॉलरला १,५०७.५ पाउंड हा दर ठरलेला होता. २०१९ मध्ये आर्थिक संकट आलं, बाहेर पाउंड घसरत गेला, पण कागदावर तोच दर राहिला, २०२३ च्या फेब्रुवारीत तो १५,००० केला तेव्हा बाहेर डॉलर पन्नास हजाराच्याही वर गेलेला होता. सरकारी दर दाखवणारा कन्व्हर्टर इथे तांत्रिकदृष्ट्या चुकलेला नव्हता, पण त्या आकड्यावर कुणी महिन्याचा खर्च आखला असता तर सगळं गणित कोलमडलं असतं. अशा देशाशी व्यवहार असेल तर तिथल्या माणसालाच विचारा की सध्या प्रत्यक्षात काय भावाने होतंय.

डॉलर टाकला तर यादीत वीस डॉलर येतात, कोणता निवडू?

नावावर आणि चिन्हावर जाऊ नका, तीन अक्षरी कोड बघा. अमेरिका यूएसडी, कॅनडा सीएडी, ऑस्ट्रेलिया एयूडी, सिंगापूर एसजीडी, हाँगकाँग एचकेडी, न्यूझीलंड एनझेडडी, आणि चिन्ह सगळ्यांचं तेच, इतकंच काय मेक्सिकोचा पेसोही तेच चिन्ह वापरतो. रुपया भारताचा, पाकिस्तानचा, नेपाळचा, श्रीलंकेचा, मॉरिशसचा, सेशेल्सचा. जपानचा येन आणि चीनचा युआन दोघांचं चिन्ह एकच. आणि दिनार तर सगळ्यात घातक, कारण एका कुवेती दिनाराला तीन डॉलरच्या वर मिळतात आणि एका डॉलरला इराकी दिनार हजाराच्या वर येतात.

हे कोड आयएसओ ४२१७ या मानकातले आहेत. साधारणपणे पहिली दोन अक्षरं देशाची, तिसरं चलनाच्या नावाचं, म्हणून जेपीवाय म्हणजे जपान आणि येन. स्वित्झर्लंडचा सीएचएफ का, तर देशाचं लॅटिन नाव कॉन्फेडेरेशिओ हेल्व्हेटिका आणि पुढे फ्रँक. एक्सने सुरू होणारे कोड कुठल्या एका देशाचे नसतात: एक्सओएफ हा पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक देशांचा मिळून फ्रँक, आणि एक्सएयू तर चलनच नाही, ते सोनं आहे, एक ट्रॉय औंस. चीनचे दोन रेट दिसले तर गोंधळू नका, सीएनवाय हा देशातला युआन आणि सीएनएच हा देशाबाहेर ज्याची खरेदी-विक्री होते तो.

कुणी नुसतं '५०० डॉलर' लिहिलं तर मी उलट मेल करून कोणते ते विचारते, समोरचा कितीही ओळखीचा असो.

रेट मनात धरून स्वतः गुणाकार केला तर उत्तर वेगळं का येतं?

राउंडिंग. लहान चलनाकडून मोठ्या चलनाकडे जाताना रेट अगदी बारीक असतो आणि काही कन्व्हर्टर दोनच दशांश स्थळं दाखवतात. समजा एक येन म्हणजे ०.००६८ डॉलर. दोन स्थळांत तो ०.०१ दिसतो. ५०,००० येनला त्या ०.०१ ने गुणलं तर ५०० डॉलर, आणि खरं उत्तर ३४०. एका मैत्रिणीने असंच गुणून ट्रिपचं बजेट काढलं होतं, नशीब निघायच्या आधी मला दाखवलं.

यावर उपाय म्हणजे रेट १ साठी कधीच बघू नका, पूर्ण रक्कम कन्व्हर्टरमध्ये टाका. तोंडी हिशेब करायचाच असेल तर उलटा रेट घ्या, एका डॉलरला १४७ येन, आणि त्याने भागा.

उलट्या रेटचं हे गणित फक्त मधल्या रेटला लागू पडतं बरं का. काउंटरवर घेण्याचा आणि विकण्याचा भाव वेगळा, त्यामुळे आज बदलून उद्या परत बदलले तर दोन्हीकडून कापले जातात.

मेलमधली रक्कम कॉपी-पेस्ट केली तर भलतंच उत्तर आलं.

टिंब आणि कॉमा बघा. जर्मनी, स्पेन, इटली, ब्राझील अशा बऱ्याच ठिकाणी दशांशाला कॉमा आणि हजाराला टिंब लावतात, म्हणजे आपण १,२५०.०० लिहितो ते तिकडे १.२५०,०० असं येतं. मला एकदा क्लायंटने कामाचे '२.४०० युरो' कळवले, मी जसंच्या तसं पेस्ट केलं, कन्व्हर्टरने ते दोन पूर्णांक चार दशांश वाचलं आणि समोर अडीच-तीन डॉलरचा आकडा. तो इतका हास्यास्पद होता म्हणून लगेच लक्षात आलं. पण हेच उलट्या दिशेने झालं तर पटकन कळत नाही: कुवेत, बहरीन, ओमान, जॉर्डन इथल्या चलनांना तीन दशांश स्थळं असतात, तिथे १२.५०० दिनार म्हणजे साडेबारा दिनार, साडेबारा हजार नाही. आणि येनला व्यवहारात दशांशच नसतो.

पेस्ट केल्यावर एकदा आकडा मोठ्याने वाचा. मी वाचते.

मिलियन-बिलियनचा गोंधळ होतो.

मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. कन्व्हर्टर कॉमा तीन-तीन आकड्यांनी टाकतो, आपल्या डोळ्याला दोन-दोनची सवय, त्यामुळे मोठ्या रकमेत शून्यं मोजूनच पुढे जा.

परदेशात कार्ड मशीनवर 'तुमच्या चलनात भरा' असं विचारलं तर काय निवडायचं?

तिथलं स्थानिक चलन. जवळजवळ नेहमीच.

हे जरा नीट सांगते. कार्ड लावलं की मशीन ओळखतं की कार्ड बाहेरच्या देशातलं आहे आणि स्क्रीनवर दोन रकमा येतात, एक तिथल्या चलनात आणि एक तुमच्या चलनात, शेजारी बारीक अक्षरात रेट. मागे रांग असते, आपल्या चलनातला आकडा ओळखीचा वाटतो, बोट आपोआप तिकडे जातं. पण तिथे दिसतो तो रेट दुकानाच्या बाजूच्या कंपनीने लावलेला असतो, त्यात त्यांचं मार्जिन मिसळलेलं, आणि ते बरंच जास्त असू शकतं. स्थानिक चलन निवडलं तर रेट कार्ड नेटवर्क (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) लावतं, तो सहसा मधल्या रेटच्या बराच जवळ असतो, वर तुमची बँक परदेशी व्यवहाराचा चार्ज लावत असेल तर तो. एटीएममध्येही हेच, तिथे शब्द थोडे फिरवून विचारतात, 'कन्व्हर्जन मान्य आहे का' असं. नाही म्हटलं तरी पैसे येतात, व्यवहार रद्द होत नाही.

युरोपियन युनियनमध्ये २०२० च्या एप्रिलपासून असं मार्जिन युरोपियन सेंट्रल बँकेच्या दराशी तुलना करून टक्क्यांत दाखवायचा नियम आहे. टक्का दिसत असेल तर वाचा, तुम्हालाच कळेल. दुकानदाराने न विचारता तुमच्या चलनात बिल फाडलं तर सही किंवा पिन करण्याआधी रद्द करून परत करायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

खरेदीच्या दिवशी कन्व्हर्टरवर एक आकडा होता, स्टेटमेंटला दुसराच आला.

कार्डाचा व्यवहार त्याच क्षणी पूर्ण होत नाही, नुसती रक्कम अडवून ठेवली जाते आणि प्रत्यक्ष नोंद एक-दोन दिवसांनी पडते. रेट अनेकदा त्या नोंदीच्या दिवशीचा लागतो. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही साइटवर त्यांचे स्वतःचे कन्व्हर्टर आहेत, तारीख आणि बँकेचा चार्ज टाकून बघता येतं. स्टेटमेंट तपासायला तेच वापरा, इतर कन्व्हर्टरशी जुळवत बसू नका. रिफंड आला तर त्याला पुन्हा त्या दिवशीचा रेट लागतो, म्हणून पूर्ण रिफंड मिळूनही रक्कम थोडी कमी-जास्त दिसते.

काही चलनांचा रेट वर्षानुवर्षं तोच कसा?

तो बांधलेला असतो. अमिरातीचा दिरहम एका डॉलरला ३.६७२५, सौदी रियाल ३.७५, आणि हाँगकाँग डॉलर ७.७५ ते ७.८५ या पट्ट्यात धरून ठेवलाय. या चलनांसाठी रोज रेट बघायची गरज नाही, डॉलरचा बघितला की झालं. पण रेट स्थिर आहे म्हणून समोरचा कमी कापतो असं अजिबात नाही, मोजायचं ते मोजायचंच.

जुन्या तारखेचा रेट हवा असेल तर?

बऱ्याच कन्व्हर्टरवर तारीख निवडता येते. मागच्या बिलाची नोंद करायची तर बिलाची तारीख टाका, आजचा रेट लावू नका. टॅक्स किंवा कस्टम्सच्या कामासाठी मात्र आधी विचारा, अनेक देशांत सरकारी खातं कोणता दर धरायचा ते स्वतः ठरवून देतं आणि कन्व्हर्टरचा स्क्रीनशॉट तिथे चालत नाही.

फार जुना चार्ट बघताना मध्येच रेट लाखपटीने बदललेला दिसला तर शून्यं काढलेली असतात. तुर्कस्तानने २००५ मध्ये दहा लाख जुन्या लिरांची एक नवी लिरा केली आणि कोड टीआरएलचा टीआरवाय झाला, बेलारूसने २०१६ मध्ये दहा हजारांचा एक रुबल केला. काही चलनं तर संपलीच, क्रोएशियाचा कुना २०२३ च्या सुरुवातीला युरोत गेला, ७.५३४५० कुनांना एक युरो या कायमच्या दराने.

नेट नसेल तर अ‍ॅप चालतं का?

चालतं, शेवटचा साठवलेला रेट वापरतं. निघायच्या आधी नेटवर एकदा उघडून रिफ्रेश करा.

रोजचा हिशेब शीटमध्ये ठेवला तर?

गूगल शीट्समध्ये गूगलफायनान्स नावाचं फंक्शन आहे, त्यात दोन चलनांचे कोड जोडून लिहिले की रेट आपोआप येतो, थोडा उशिराचा असू शकतो. पण नोंदवलेल्या बिलांसमोर तो आकडा जिवंत ठेवू नका, 'फक्त व्हॅल्यू' म्हणून पेस्ट करा, नाहीतर गेल्या वर्षीचं उत्पन्न रोज बदलत राहतं.

चार्ट बघून आज बदलू की थांबू हे कळतं का?

नाही कळत, आणि जो कळतं म्हणेल त्याचं ऐकू नका. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने २०११ पासून एका युरोला किमान १.२० फ्रँक हा दर धरून ठेवला होता, चार्ट सपाट, सगळे निर्धास्त. १५ जानेवारी २०१५ ला तो अचानक सोडला आणि काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. आदल्या दिवशीचा चार्ट बघून कुणालाही हे सांगता आलं नसतं.

मी काय करते ते सांगते. तारखेला बांधलेला खर्च असेल, फी, भाडं, हप्ता, तर थांबत नाही, लागतील तेवढे लगेच बदलते. बाकीची रक्कम तीन-चार वेळा विभागून बदलते, आणि कन्व्हर्टरमध्ये रेट अलर्टची सोय असेल तर एक आकडा लावून ठेवते, म्हणजे दिवसातून दहा वेळा बघावं लागत नाही. अलर्ट वाजला की आधी दोन टॅब शेजारी लावते, डावीकडे कन्व्हर्टर, उजवीकडे पाठवायचा फॉर्म.